मोटरहोममागे मोटार ओढणे

राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या वाहनामागे (मोटरहोम) लहान मोटार जोडून ती प्रवासात बरोबर नेण्याची पद्धत. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे ती सर्वाधिक रूढ आहे. मुक्कामी वीज, पाणी व सांडपाण्याच्या जोडण्या झाल्यावर मोटरहोम जागेवरच राहते आणि जवळपासची ये-जा लहान मोटारीने होते. मोटार तीन प्रकारे नेतात : पूर्ण ट्रेलरवर चढवून, पुढची दोन चाके डॉलीवर (दोन चाकांच्या लहान गाड्यावर) बांधून, किंवा चारही चाके रस्त्यावर ठेवून टो-बारने (दोन वाहने जोडणाऱ्या ताठ दांड्याने) ओढून. या नोंदीत मुख्यतः तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

मोटरहोमचा आरंभ कोठे धरायचा याबद्दल मतभेद आहेत. काही लेखक तो १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील प्रदर्शनात मांडलेल्या पिअर्स-ॲरो कंपनीच्या ‘टूरिंग लँडो’पर्यंत मागे नेतात. तथापि ती झोपण्याची सोय केलेली आलिशान मोटार होती. मिशिगन राज्यातील रे फ्रँक यांनी १९६० च्या सुमारास डॉजच्या सांगाड्यावर बांधून विकायला काढलेली वाहने आजच्या अर्थाने पहिली धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६६ मध्ये आयोवातील विनेबागो कंपनीने मोटरहोम बनवण्यास सुरुवात केली आणि पुढे ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. मागे मोटार ओढण्याची प्रथा बहुधा याच प्रसाराबरोबर वाढली. ‘ए’ आकाराचे टो-बार मात्र त्याआधीपासून लष्करी व दुरुस्तीच्या कामांत वापरात होते.

कोणती मोटार चारही चाकांवर ओढता येईल हे तिच्या गिअरपेटीतील वंगणावर ठरते. नेहमीच्या स्वयंचलित गिअरपेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो. मोटार ओढली जात असताना इंजिन बंद असते, पण चाकांमुळे गिअरपेटीतील निर्गम दंड (चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) फिरत राहतो. बेअरिंगना तेल मिळत नाही आणि काही तासांत पेटी जळू शकते. गिअर ‘न्यूट्रल’मध्ये टाकल्याने हा धोका टळत नाही, कारण न्यूट्रलमध्ये फक्त इंजिनाशी असलेला संबंध तुटतो. हाताने बदलायच्या गिअरपेट्यांत दातेरी चाकेच तेल उडवतात, म्हणून त्यांपैकी पुष्कळ चालतात, पण सर्व नव्हेत. जीप रँग्लरसारख्या चार चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींत ट्रान्स्फर केस (पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी पेटी) खऱ्या न्यूट्रलमध्ये टाकता येते. त्यामुळे चाके आणि गिअरपेटी यांचा संबंध पूर्ण तुटतो आणि स्वयंचलित गिअर ‘पार्क’मध्ये ठेवून मोटार ओढतात. होंडाच्या समांतर दंडांच्या जुन्या स्वयंचलित पेट्याही चालत. त्यांत प्रवासापूर्वी ठरावीक क्रमाने गिअर फिरवून न्यूट्रलमध्ये इंजिन ३ मिनिटे चालवण्याची सूचना असे. २०१५ पासून होंडाच्या सीआर-व्ही मोटारीत सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलणारी) गिअरपेटी आली आणि ती मोटार अशा ओढता येणाऱ्या मोटारींतून गेली. बहुतेक विद्युत मोटारींत चाके मोटरला कायमची जोडलेली असल्याने त्या अशा ओढता येत नाहीत. एकाच नावाच्या मोटारीत वर्षागणिक फरक पडतो, म्हणून त्या वर्षीची मालक-पुस्तिका हाच अखेरचा आधार मानावा.

वजनाच्या हिशोबात नेहमीची चूक म्हणजे हिचवरील (मोटरहोमच्या मागच्या जोडणी-आकड्यावरील) क्षमतेचा आकडा हीच मर्यादा समजणे. मोटरहोमच्या सांगाड्याला स्वतःची कमाल वजनमर्यादा असते आणि मोटरहोम व मोटार मिळून एक वेगळी जोडमर्यादा असते. जोडमर्यादा २६,००० पौंड आणि सामान-पाणी-माणसांसह मोटरहोमचे प्रत्यक्ष वजन २२,००० पौंड असेल, तर ओढण्यास ४,००० पौंडच उरतात, मग हिचवर ५,००० लिहिलेले असले तरी. १ अमेरिकी गॅलन पाण्याचे वजन सुमारे ८.३ पौंड, त्यामुळे टाकी भरून निघाले की हिशोब बदलतो. भरलेले वाहन ट्रकच्या वजनकाट्यावर चढवल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. हिच, टो-बार आणि मोटारीच्या पुढील भागात बसवलेली बेसप्लेट यांपैकी सर्वांत कमी क्षमता ज्याची, तीच जोडणीची क्षमता. टो-बार शक्य तितका आडव्या पातळीत असावा. दोन टोकांच्या उंचीत ३ ते ४ इंचांपेक्षा जास्त फरक असल्यास जोराच्या ब्रेकवेळी मोटार हिचखाली किंवा हिचवर सरकू पाहते. सुरक्षा-साखळ्या टो-बारखाली एकमेकींना छेद देऊन बांधतात.

ब्रेकविषयी मतभिन्नता अधिक आहे. मोठ्या डिझेल मोटरहोमचे ब्रेक ४,००० पौंडांची मोटारही सहज थांबवतात, असा एक पक्ष आहे. २२,००० पौंडांच्या वाहनामागे ती जोडल्यास थांबवायचे वस्तुमान सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, १२,००० पौंडांच्या वाहनामागे मात्र ३३ टक्क्यांनी. उतारावर, ओल्या रस्त्यावर किंवा वळणात हीच मोटार मागून ढकलते. त्यामुळे मोटारीत पूरक ब्रेकयंत्रणा असावीच, हे मत अधिक ग्राह्य आहे. ही यंत्रणा मोटरहोमच्या ब्रेकच्या प्रमाणात मोटारीचा पेडल दाबते. बंद इंजिनाच्या मोटारीत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात साठा एक-दोन दाबांत संपतो आणि पेडल कडक होतो, म्हणून यंत्र त्या कडकपणानुसार बसवावे लागते. काही संकरित (हायब्रिड) मोटारींत ब्रेकचे साहाय्य इंजिन बंद असतानाही चालू राहते. तेथे तोच दाब जास्त ठरून ब्रेक तापतात. जोडणी तुटल्यास मोटार आपोआप थांबवणारा ‘ब्रेकअवे’ स्विच स्वतंत्र केबलने मोटरहोमला बांधतात. ती केबल पुरेशी लांब हवी, नाहीतर वळणावरच ओढली जाते.

ओढली जाणारी मोटार कायद्याने वाहन की ट्रेलर, याचे उत्तर देशागणिक बदलते. ब्रिटनच्या परिवहन खात्याच्या मते ‘ए’ चौकटीने (‘ए’ आकाराच्या टो-बारने) जोडलेली मोटार ट्रेलर ठरते. कमाल वजन ७५० किग्रॅ.हून अधिक असल्यास तिला चालते ब्रेक लागतात. अमेरिकेत नियम राज्यांचे आहेत. ब्रेकसक्तीची मर्यादा बऱ्याच राज्यांत ३,००० पौंड, तर टेक्ससमध्ये ४,५०० पौंड आहे. कॅलिफोर्नियात दुसरे वाहन ओढणाऱ्यास ताशी ५५ मैल ही कमाल वेगमर्यादा आहे. स्पेनमध्ये धडधाकट मोटार अशी ओढण्यास मनाई आहे.

चार चाकांवर ओढलेल्या मोटारीसह मोटरहोम उलटे (रिव्हर्स) मागे घेऊ नये. मोटारीची पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळून फरफटतात आणि टो-बार वाकतो. अरुंद जागी मोटार सोडवावी, हेच बरे. मागील दिवे मोटरहोमच्या तारांना जोडताना मध्ये डायोड घालतात, म्हणजे वीज मोटारीच्या मंडलात उलटी जात नाही. मोटारीचे चाक पंक्चर झाल्याचे मोठ्या मोटरहोमच्या चालकाला बहुधा जाणवत नाही. टायरदाब दाखवणारे यंत्र व मागचा कॅमेरा त्यासाठीच आवश्यक आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण ते राहण्याच्या वाहनांपुरते आहे. भारताच्या १९८९ च्या रस्ता-नियमांत ओढण्याची मुभा मुख्यतः निकामी वा अपुऱ्या जुळणीच्या मोटारींना आणि नोंदणीकृत ट्रेलरना होती. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या वाहनचालन नियमांनी घेतली.