अतिदक्षता विभागातील औषधसुरक्षा

अत्यवस्थ रुग्णाला नेमके औषध, नेमक्या मात्रेत, नेमक्या वेगाने आणि नेमक्या नळीतून देणे, त्याचा परिणाम तासातासाला पाहणे आणि गरज संपली की ते बंद करणे, या सगळ्या व्यवस्थेला अतिदक्षता विभागातील औषधसुरक्षा म्हणतात. साध्या वॉर्डातला रुग्ण स्वतःच बोलतो, ‘सिस्टर, ही गोळी मघाशीच घेतली की!’ आयसीयूतला रुग्ण बहुधा गुंगीत असतो, घशात व्हेंटिलेटरची नळी असते. चूक पकडू शकणारा शेवटचा माणूसच इथे बोलू शकत नाही. त्याच्या वतीने कोणी, कधी आणि काय विचारायचे हे आधीच ठरवून ठेवणे, हा या पद्धतीचा गाभा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट मांडले, तेव्हापासून हा विषय जगभर अग्रक्रमाचा झाला.

आधी काय दिले?

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा घोडबंदर रस्त्यापासून खारघरपर्यंत पसरलेली खासगी रुग्णालये. ठाणे-नवी मुंबईतल्या या आयसीयूंत येणारा रुग्ण पुष्कळदा थेट घरून आलेला नसतो. शहापूर-मुरबाडकडचा सर्पदंशाचा रुग्ण, पावसाळ्यात मलेरिया किंवा लेप्टोने खालावलेला कामगार, असे अनेकजण आधी जवळच्या दवाखान्यात उपचार घेऊन मग ॲम्ब्युलन्सने येतात. वाटेत कोणते इंजेक्शन दिले, किती वाजता दिले, याची चिठ्ठी सोबत नसेल तर तीच मात्रा दुसऱ्यांदा जाण्याचा धोका असतो.

मग उघडायची ती नातेवाइकांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी. तिच्यात रक्तदाबाची गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी निघते, आत औषध एकच. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली वेदनाशामके असतात, एखाद्या काढ्याची बाटली असते. सगळ्यांत अडचणीचा असतो तो मेडिकलवाल्याने चार गोळ्यांपुरता कापून दिलेला पट्टीचा तुकडा. औषधाचे नाव उरलेल्या अर्ध्या भागाबरोबर दुकानातच राहिलेले. ती गोळी रक्त पातळ करणारी असेल आणि कळलीच नाही, तर गळ्यातल्या शिरेत नळी घालताना रक्तस्राव आवरत नाही. हा औषधांचा ताळा पहिल्या चोवीस तासांत जमवण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्यासाठी घरच्या माणसाला बाहेरच्या बाकावरून आत बोलावून दहा मिनिटे शांतपणे बसवणे हे कुठल्याही तपासणीइतकेच मोलाचे आहे.

जोखमीची औषधे

काही औषधांत चुकीला माफी नसते. पोटॅशियम क्लोराईडच्या १० मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये (छोट्या सीलबंद कुपीत) २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते सलाइनमध्ये मिसळून, सहसा तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास, हळूहळू देतात. पातळ न करता सरळ शिरेत ढकलले तर हृदय थांबते. त्याची प्लास्टिकची ॲम्प्यूल साध्या पाण्याच्या ॲम्प्यूलसारखी दिसू शकते, म्हणून ती वेगळ्या, कुलूपबंद कप्प्यात ठेवतात.

इन्सुलिनचा घोटाळा तर आपल्याकडचा खासच. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटल्याही चालतात आणि १०० युनिटची पेने-काडतुसेही. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर ४ युनिटच जातात. उलटे झाले तर १० ऐवजी २५. २००९ च्या नाइस-शुगर या मोठ्या चाचणीनंतर आयसीयूत रक्तातली साखर फार खाली न आणता १८० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटरमागे) आत ठेवण्याचे धोरण रूढ झाले, कारण ती फार खाली आणलेल्या गटात मृत्यू जास्त झाले; शिवाय बेशुद्ध माणसाला साखर उतरल्याची घेरी सांगता येत नाही.

स्नायू शिथिल करणारी व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम यांसारखी औषधे हालचाल थांबवतात, जाणीव नाही. गुंगीचे औषध संपले आणि हे चालू राहिले तर रुग्ण पूर्ण जागा असतो, वेदना भोगतो आणि पापणीही हलवू शकत नाही. या औषधांवर ठळक इशारा चिकटवतात तो यासाठी.

नॉरॲड्रेनलिन रक्तदाब टिकवून धरते. ४ मिलिग्रॅम औषध ५० मिलिलिटरमध्ये मिसळले तर एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम येते. ६० किलोच्या रुग्णाला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचे असेल, तर सिरिंज पंपावर (सिरिंजमधले औषध ठरावीक वेगाने ढकलणाऱ्या यंत्रावर) तासाला ४.५ मिलिलिटरचा वेग लावावा लागतो. शरीरात हे औषध दोन-तीन मिनिटांतच निम्मे होते. म्हणून रात्री तीन वाजता पंप ‘संपत आले’ म्हणून वाजू लागला, तर अनुभवी सिस्टर धावत जाऊन भरायला घेत नाही. दुसरी सिरिंज तिने अर्ध्या तासापूर्वीच भरून, लेबल लावून, शेजारच्या पंपावर चढवलेली असते. इथे आणखी एक मेख आहे. हे औषध क्षाराच्या रूपात येते; काही लेबलांवर मूळ औषधाऐवजी त्या क्षाराचे वजन छापलेले असते आणि बायटार्ट्रेट क्षाराच्या २ मिलिग्रॅममध्ये मूळ औषध १ मिलिग्रॅमच असते.

सर्पविषावरची प्रतिलस मात्र वजनाच्या हिशेबाला अपवाद आहे. सापाने सोडलेले विष माणसाचे वजन पाहत नाही, म्हणून लहान मुलालाही मोठ्याइतक्याच कुप्या लागतात. तिची रिॲक्शन येऊ शकते, त्यामुळे ती आवरणारे ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी तयार ठेवतात.

आकडे आणि भाषा

इथल्या आयसीयूत डॉक्टर मराठी, सिस्टर केरळची आणि वॉर्डबॉय उत्तरेकडचा, अशी टीम नेहमीची. ‘अडीच लाव’ हे तोंडी सांगणे तिघांना तीन तऱ्हेने ऐकू येऊ शकते. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतही गल्लत होते. उपाय साधा आहे : ऐकणाऱ्याने अंक सुटे करून परत म्हणायचे, ‘टू पॉइंट फाइव्ह, बरोबर सर?’, आणि होकार आल्यावरच पंपाला हात लावायचा. कागदावर ५.० असे लिहीत नाहीत, कारण टिंब पुसट झाले की त्याचे ५० होते, आणि .५ लिहिताना टिंबाच्या आधी शून्य हवेच. युनिटसाठी इंग्रजी यू अक्षरही टाळतात, घाईत ते शून्यासारखे वाचले जाते.

मात्रा, नळी आणि मिश्रण

मूत्रपिंड मंदावले की मेरोपेनेमसारखी प्रतिजैविके शरीरात साचतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून मात्रा रोज नव्याने ठरवतात. उलट, जंतुसंसर्गाने तापलेल्या तरुण रुग्णाचे मूत्रपिंड कधी कधी अतिवेगाने औषध बाहेर टाकते आणि नेहमीची मात्रा अपुरी पडते. कमी मात्रा हीदेखील चूकच. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, पहिले प्रतिजैविक तासाभरात जायला हवे.

फिटवरचे फेनिटॉइन ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर स्फटिक बनतात. सेफ्ट्रिॲक्झोन हे प्रतिजैविक कॅल्शियम असलेल्या रिंगर लॅक्टेट या सलाइनबरोबर एकाच नळीतून देत नाहीत. नाकातून घातलेल्या नळीवाटे गोळ्या कुटून देतात, पण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली तर दिवसभराची मात्रा एकदम उतरते.

थांबवणे

गुंगीचे औषध रोज सकाळी थोडा वेळ थांबवून रुग्णाला जागे करून पाहिले, तर व्हेंटिलेटर लवकर निघतो, हे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसले. आहार, वेदना, गुंगी, रक्ताच्या गुठळ्या, उशाची उंची, पोटातील व्रण आणि साखर हे सात प्रश्न रोज विचारण्याची पद्धत बेल्जियमचे डॉक्टर जाँ-लुई व्हिन्सेंट यांनी २००५ मध्ये मांडली. २००८ पासून भारतात फार्म.डी. हा औषधशास्त्राचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून तयार झालेले क्लिनिकल फार्मासिस्ट (रुग्णाशेजारी औषधे तपासणारे औषधतज्ज्ञ) जिथे सकाळच्या राउंडला सोबत असतात, तिथे ‘हे अजून का चालू आहे?’ हा प्रश्न हक्काने विचारणारा कोणीतरी असतो. औषधाची विपरीत प्रतिक्रिया आढळली तर २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाचे नातेवाईकही कळवू शकतात.

आयसीयूतून वॉर्डात आणि वॉर्डातून घरी जाताना पुन्हा ताळा करावा लागतो. रात्रीच्या भ्रमासाठी सुरू केलेली गोळी किंवा पोटाच्या व्रणासाठीचे पँटोप्रॅझोल पुढे महिनोन्‌महिने चालू राहिल्याचे आढळते. डिस्चार्ज कार्डावर चालू औषधे लिहितात. बंद केलेल्या औषधांचीही नावे, कारणासकट, मराठीत लिहून द्यायला हवीत. कारण पहिल्या दिवशी आणलेली ती प्लास्टिकची पिशवी घरी कपाटात तशीच असते.