थ्रीडीतली वीज आणि ग्लोचा वाद : पार्श्वभूमी

जुलै २०२४ मध्ये ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरची ४.२ आवृत्ती आली आणि त्यातल्या ईव्ही या झटपट रेंडर इंजिनातला (दृश्याचं चित्र बनवणाऱ्या भागातला) ब्लूमचा, म्हणजे उजळ भागांभोवती ग्लो आणणारा, टिकबॉक्स गेला. ज्यांनी लगेच अपडेट केलं त्यांना जुनी फाइल उघडल्यावर लखलखत्या विजेच्या जागी नुसती पांढरी दोरी दिसली. गणेशोत्सव दोन महिन्यांवर आला होता. नाशिकच्या देखाव्यांत एलईडी पडद्यावर इंद्राचं वज्र किंवा समुद्रमंथनाचं आभाळ हवं असतं. कॉलेज रोडवरच्या क्लासमधून शिकून घरच्या एका मशीनवर अशी कामं करणाऱ्यांची भिस्त त्या एका टिकवरच असायची. त्यामुळे इथे हा बदल जास्तच झोंबला. ‘चालू होतं ते का काढलं?’ हा प्रश्न अजून विचारला जातो.

फिल्मच्या काळात वीज हाताने काढत. एकेका फ्रेमवर रेघ रंगवायची, नाहीतर फिल्मवरचा थर, म्हणजे इमल्शन, खरवडायचं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या ज्या माणसाने भारतीय सिनेमाचा पाया घातला आणि नाशिकमध्ये स्टुडिओ थाटला, त्याच्या पौराणिक चित्रपटांतले चमत्कारही कॅमेऱ्याच्या करामतीतूनच उभे राहिले.

संगणकातल्या विजेचं मूळ मात्र डोंगरांत सापडतं. १९८२ च्या एका शोधनिबंधाने डोंगराळ जमीन उभी करायची एक सोपी रीत रूढ केली. रेषेचा मध्य घ्यायचा, तो थोडा बाजूला सरकवायचा, मग दोन्ही तुकड्यांवर हेच करायचं आणि दर वेळी सरकवण्याचं अंतर कमी करत जायचं. सात वेळा केलं की एका रेषेचे १२८ तुकडे होतात आणि वीज तयार होते. दोन वर्षांनी भौतिकशास्त्राच्या बाजूने दुसरं प्रारूप आलं. त्यात विद्युतक्षेत्र जिथे तीव्र, तिथे फांदी फुटण्याची शक्यता जास्त. ते खऱ्याच्या जवळ जाणारं, पण गणित जड. १९९४ च्या एका निबंधाने विजेचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापासून सरासरी १६ अंश वळवला. नॉइज (रेषा अनियमितपणे वाकवणारा परिणाम) लावताना हा आकडा आजही डोक्यात ठेवावा. काटकोनात मोडलेली वीज पहिल्या नजरेत खोटी वाटते.

१९९८ मध्ये माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर आलं. आपल्याकडच्या क्लासेसमधली एक अख्खी पिढी मायाच्या इफेक्ट्स मेन्यूतली तयार वीज वापरून शिकली. दोन वस्तू निवडा, कमांड द्या, मधे वीज. वस्तू जास्त असतील तर सगळ्यांत एकमेकींशी, क्रमाने, की पहिलीपासून बाकीच्यांकडे, एवढंच ठरवायचं. मग थिकनेस, मॅक्स स्प्रेड, ग्लो इंटेन्सिटी. आत सॉफ्ट बॉडी कर्व्ह, म्हणजे लवचीक वक्र रेषा, आणि त्यावर चढवलेली नळी, बस. फांद्या नाहीतच. त्या हव्या असतील तर लोकेटर (नुसती जागा दाखवणारी खूण) ठेवून जास्तीच्या विजा जोडत बसायचं. तरी काम निभायचं, कारण ग्लो शेडरमध्येच (वस्तूचा रंग-चमक ठरवणाऱ्या भागात) होता आणि तो बाकीचं झाकून घ्यायचा. २०१६ मध्ये आलेल्या माया २०१७ या आवृत्तीपासून सोबत अर्नोल्ड हे रेंडर इंजिन मिळू लागलं. अर्नोल्ड शेडरमधला तो ग्लो मानत नाही. म्हणजे ब्लेंडरवाल्यांना २०२४ मध्ये जो धक्का बसला, तोच मायावाल्यांनी आठ वर्षं आधी खाल्ला होता आणि ते गुपचूप कंपोझिटिंगकडे, म्हणजे रेंडर झालेल्या चित्रावर नंतर परिणाम चढवण्याकडे, वळले होते.

ब्लेंडर २.८० जुलै २०१९ मध्ये ईव्ही घेऊन आलं आणि ग्लो पुन्हा एका टिकवर आला. महागडं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माणसाला चमकणारी वीज समोर हलताना दिसू लागली. हे फार मोठं देणं होतं, आणि ज्यांचा राग आहे त्यांचा राग इथूनच येतो. तो खोटा नाही. पण त्या टिकची किंमतही होती. ब्लूम अख्ख्या चित्रावर चाले. थ्रेशोल्ड (किती उजळ भागाला ग्लो द्यायचा ती मर्यादा) खाली आणला की विजेबरोबर गाभाऱ्यातली समईही पेटायची आणि मुकुटाची कडही. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून वीज वेगळी काढायला गेलं की अल्फामध्ये, म्हणजे चित्राच्या पारदर्शकतेच्या माहितीत, ग्लो नीट उतरत नसे. एलईडीच्या कामात तर नेमकं तेच लागतं. फाइल सायकल्स या ब्लेंडरच्या दुसऱ्या रेंडर इंजिनात नेली की ग्लो गायब, कारण सायकल्समध्ये तो कधी नव्हताच. ग्लो रेंडर इंजिनात नकोच, तो कंपोझिटरमध्ये हवा, हे मला यामुळेच पटतं. आता कंपोझिटरच्या ग्लेअर नोडमध्ये (नोड म्हणजे एक काम करणारा, जोडता येणारा डबा) ब्लूम हा प्रकार आहे. व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करायच्या खिडकीत, कंपोझिटर चालू ठेवला की तो काम करतानाच दिसतो, आणि अंतिम रेंडरमध्ये वीज वेगळ्या व्ह्यू लेयरवर (स्वतंत्र रेंडर होणाऱ्या थरावर) असेल तर समई शांत राहते. चुकलं ते एवढंच की जुन्या फायलींमधली चमक त्या मोठ्या बदलात आपोआप सोबत आली नाही. शिकाऊ माणसाला कारण कळायच्या आत काम बिघडलेलं दिसलं.

या भांडणात दुसरी प्रगती झाकली गेली. ब्लेंडर २.९२ पासून नोड जोडून आकार घडवणारे जॉमेट्री नोड्स आले आणि ३.३ मध्ये सर्वांत जवळची वाट शोधणारा नोड. जाळीच्या प्रत्येक कडेला अंदाधुंद किंमत द्यायची आणि अनेक टोकांपासून एकाच बिंदूपर्यंतच्या सर्वांत स्वस्त वाटा काढायच्या. वाटा एकमेकींना मिळत जातात आणि फांद्या जुळून येतात. मूळ बिंदूपाशी जाडी वाढवली, टोकाला निमुळती केली की ग्लो लावण्याआधीच ती वीज वाटते. मायात लोकेटर जोडत बसलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

वेळेकडे तर फारच थोड्यांचं लक्ष गेलं. खऱ्या विजेची वाट ढगातून जमिनीकडे साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी उतरते, पण हा सगळा प्रवास साधारण वीस-तीस मिलिसेकंदांत उरकतो. आपल्याकडे टीव्हीला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. टोक पंधरा फ्रेम सरपटत खाली येतं ती वीज स्लो मोशनमधली असते, मुद्दाम तसं हवं असेल तरच ठेवावी. उलट त्याच वाटेने पुन्हापुन्हा जाणाऱ्या झटक्यांमधलं अंतर साधारण ४० ते ५० मिलिसेकंद असतं. म्हणून एक फ्रेम पेटलेली, एक मंद, परत एक पेटलेली असे कीफ्रेम (त्या-त्या फ्रेमला ठरवून दिलेल्या किमती) दिले की वळवाच्या पावसात अंजनेरीवर चमकते तशी थरथर येते. आकार तोच ठेवायचा, फक्त तीव्रता बदलायची. दर फ्रेमला नॉइजचा सीड, म्हणजे त्याची वळणं ठरवणारा आकडा, बदलणाऱ्यांची वीज वेल्डिंगसारखी दिसते. आणि प्रकाश विजेच्या नळीतून घ्यायचा नाही, सायकल्समध्ये त्याने दाणे पडतात. शेजारी एक दिवा लपवून त्यालाच तेच कीफ्रेम द्यावेत.

२०२७ च्या सिंहस्थासाठीची कामं आता सुरू होत आहेत आणि जुनी फाइल पुन्हा वापरायची वेळ अनेकांवर येणार आहे. ब्लूमचा टिक असलेली शेवटची आवृत्ती ४.१. काही जण तेवढ्यासाठी ती मशीनवर ठेवून आहेत. त्यात फाइल उघडून ब्लूमचे थ्रेशोल्ड, रेडियस आणि इंटेन्सिटी हे आकडे टिपून घ्यावेत आणि नव्या आवृत्तीत ग्लेअर नोडवर तसाच परिणाम डोळ्यांनी जुळवावा. आकडे जसेच्या तसे टाकून तो जुळेलच असं नाही.