दाखवून येणं वेगळं, हलवणं वेगळं

मुलाचं यकृत बदलावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की दोन दिवसांत घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एकदा दुसरीकडे दाखवून येऊया." सल्ला वाईट नाही. घोळ एवढाच की 'दाखवून येऊया' म्हणताना दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. एक म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत, ज्याला आपण सगळे सेकंड ओपिनियनच म्हणतो. दुसरी म्हणजे उपचारच दुसऱ्या रुग्णालयात हलवणं. पहिलीसाठी निघालेली माणसं दुसरी करून परततात, आणि हे ठरवलं कधी ते त्यांनाही सांगता येत नाही.

गोव्यात हे जास्त होतं, कारण अंतर. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण होतं. पण लहान मुलाच्या यकृतासाठी आपल्याकडची कुटुंबं मुंबई, बंगळूर किंवा चेन्नई गाठतात. पहिलं मतच मुळात कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून मिळवलेलं असतं. मग कुणाच्या तरी ओळखीने बंगळूर. तिथे नवी फाइल होते, रक्त पुन्हा काढतात, सोनोग्राफी पुन्हा होते, आणि लगोलग आईबापांपैकी यकृत कोण देणार याची तपासणी सुरू होते. आठवडा गेला, पैसे गेले, रजा संपत आली. "एवढं झालंच आहे तर आता इथेच करूया." निर्णय झाला तो दमल्यामुळे.

मत घेणं हा मुख्यतः कागदांचा व्यवहार आहे. मूल घरी डिचोलीत असलं तरी बऱ्याचदा तो होऊ शकतो. डॉक्टरांनी व्हिडिओवर सल्ला देण्याचे नियम केंद्राने मार्च २०२० मध्येच काढले आहेत. अडतं ते कागदांपाशी. बाप मोबाइलवर सीटी स्कॅनच्या रिपोर्टचा फोटो पाठवतो. कोपरा कापलेला, वर ट्यूबलाइटची चमक. पण रिपोर्ट म्हणजे पहिल्या ठिकाणच्या माणसाने त्या चित्रांचा लावलेला अर्थ. दुसऱ्याला स्वतंत्र मत द्यायचं तर मूळ चित्रंच हवीत, म्हणजे स्कॅनची सीडी. बायोप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी, झाली असेल तर तिच्या काचेच्या स्लाइड आणि मेणात जपलेल्या तुकड्याचे ब्लॉक मागून घ्यावेत. बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन) यांचे एकाच दिवसाचे नव्हे, तर गेल्या काही महिन्यांचे आकडे तारखांसह हवेत, आणि मुलाच्या वजन-उंचीची नोंदही. वाढ खुंटणं हेही यकृत थकल्याचं लक्षण असतं आणि मुलांच्या यकृताचा आजार किती गंभीर आहे हे मोजणाऱ्या 'पेल्ड' गुणांकनात ते धरलं जातं. आपले कागद मागायला संकोच कसला? मागणी केल्यावर ७२ तासांत ते द्यावेत असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात.

"ताई, दुसरीकडे विचारलं तर आधीचे डॉक्टर रागावतील काय?" हा आईबापांचा प्रश्न तर ठरलेला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. आणि प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना याची सवय असते. लपवून गेलात तर मात्र दोघांचंही काम अवघड होतं.

खरी मेख प्रश्नात आहे. "ऑपरेशन करावं काय?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळेल. मुलांमध्ये यकृत बदलण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे बिलिअरी अ‍ॅट्रेसिया, जन्मतःच पित्तनलिका बंद असणं. अशा बाळाची कावीळ उतरत नाही आणि शी फिकट, पांढुरकी होते. त्यावर आधी कसाई (जपानी सर्जनचं आडनाव) नावाची शस्त्रक्रिया करतात, आणि ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक. काही मुलं त्यानंतर स्वतःच्या यकृतावर कित्येक वर्षं काढतात. म्हणून 'आत्ता की थांबून' हा खरोखरचा प्रश्न आहे. विल्सन आजार (शरीरात तांबं साठत जाण्याचा) असेल तर 'औषधांवर भागेल काय' हा. आणखी एक, जिवंत विषाणूंच्या लसी, उदाहरणार्थ गोवर आणि कांजिण्यांच्या, शक्यतो प्रत्यारोपणाआधी उरकायच्या असतात. त्याचा हिशोब कोण ठेवतंय?

हलवायचं म्हटलं की सगळं बदलतं, कारण तेव्हा मुलाबरोबर दाताही हलतो. लहान मुलाला सहसा आई किंवा बाबांच्या यकृताचा डावीकडचा लहानसा भाग पुरतो. दाता १८ वर्षांवरचा लागतो. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबाही आले, पण मामा-काका नाहीत. त्यांच्यासाठी प्राधिकार समितीची, म्हणजे अशा प्रत्यारोपणांना परवानगी देणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. रुग्णालय बदललं की दात्याची तपासणी, नात्याचे पुरावे, मंजुरीचे कागद हे पुष्कळसं नव्याने. सरकारी मदत घेत असाल तर तीही ठरावीक उपचाराला आणि ठरावीक रुग्णालयाला बांधलेली असते. आधी योजनेच्या कार्यालयात विचारा, मग तिकीट काढा. मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव रुग्णालयामार्फतच लागतं. एक गोष्ट सोपी झाली आहे: नोंदणीसाठी त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढा, असं केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना कळवलं.

शिवाय प्रत्यारोपण एका दिवसाचं नसतं. नंतर काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावं लागतं, शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा बघावी लागते, गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. त्यामुळे हलवायचं तर कारण भक्कम हवं. दाता जुळत नाही आणि दुसरीकडे वेगळ्या रक्तगटाचं किंवा दोन कुटुंबांनी आपापल्या दात्यांची अदलाबदल करून केलेलं प्रत्यारोपण होतं, हे कारण पटण्यासारखं. पोस्टरवरच्या यशाच्या टक्केवारीने मी तरी हलणार नाही. त्यापेक्षा दहा किलोंच्या आतल्या किती मुलांची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी केली, असं सरळ विचारावं.

दोन मतं जुळली नाहीत तर तिसऱ्या शहराचं तिकीट लगेच काढू नये. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा. पुष्कळदा फरक निदानाचा नसून वेळेचा असतो.

एका प्रसंगी मात्र हा सगळा क्रम उलटा होतो. काविळीचं मूल अचानक झोपाळू झालं, असंबद्ध वागू लागलं, आयएनआर चढत चालला, तर यकृत झपाट्याने निकामी होत असू शकतं. तेव्हा घड्याळ तासांचं असतं. तिथे कागद गोळा करत बसायचं नाही. प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी आधी हलवायचं, आणि दुसरं मत इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना केलेल्या फोनवरच घ्यायचं.