झोपमोड करायची कुणी?

24 जुलै 1994. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची घडी सकाळच्या विजांच्या वादळानं विस्कटली. एक झडप बंद स्थितीत अडकली होती, नियंत्रण कक्षात मात्र ती उघडी दिसत होती. दुपारी स्फोट झाला, 26 जण जखमी झाले. स्फोटाआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. अडीच सेकंदाला एक. त्यातला कामाचा कोणता, हे बघायला सवड कुणाला होती?

सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या फोनवर हे थोड्याफार फरकानं रोज घडतं. देखरेखीचं सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी मोजमापं घेतं: डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, वेबसाइट किती वेळात उत्तर देते. आकडा हद्दीबाहेर गेला की अलर्ट. 'सीपीयू 90 टक्क्यांवर गेला की कळव' हा नियम कुणीही एका ओळीत लिहील. कसब लागतं ते कधी कळवायचं नाही, हे ठरवायला.

आकडे उंबरठ्यावर घुटमळतात, ही पहिली अडचण. 89, 91, 89, 92... प्रत्येक वेळी 'बिघाड', 'सुधारणा', पुन्हा 'बिघाड'. घरच्या फ्रिजनं असं केलं असतं तर कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद झाला असता. म्हणून फ्रिजला दोन उंबरठे असतात: एका तापमानाला चालू, त्याहून बऱ्याच खाली गेल्यावर बंद. हेच तत्त्व इलेक्ट्रॉनिक्समध्ये ऑटो श्मिट या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1930च्या दशकात आणलं, तेही माखलीच्या जातीच्या स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करता करता. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट उठण्याची अट आणि मिटण्याची अट वेगवेगळी लिहिता येते, ती याचसाठी. उठायला 90, मिटायला 80. नॅगिऑस हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर आणखी चलाख आहे. ते शेवटचे 21 निकाल जवळ ठेवतं आणि त्यांत किती वेळा कोलांटी बसली ते मोजतं. प्रमाण फार वाढलं की निरोप थांबवतं. ते थांबवणं कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं, यालाही पुन्हा दोन उंबरठे!

साउंडक्लाउड कंपनीत 2012 साली सुरू झालेलं प्रोमिथियस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर वेळेची चाळणी लावतं. नियमात 'फॉर' पुढे दहा मिनिटं लिहिलीत, तर अट सलग दहा मिनिटं खरी ठरेपर्यंत अलर्ट 'पेंडिंग' राहतो. मध्ये एकदा जरी आकडा खाली आला, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. सीपीयूला हे चालतं. पैसे भरण्याचं पानच बंद पडलं असेल तर दहा मिनिटं म्हणजे फार झाली. डिस्कसाठी तर मला टक्केवारीचा नियमच पटत नाही. वर्षभर 91 टक्क्यांवर निवांत बसलेल्या डिस्कसाठी कुणाला का उठवा? 'याच वेगानं चार तासांत भरेल का?' हे विचारावं, आणि प्रोमिथियसला ते विचारता येतं.

पुढची चाळण अलर्टमॅनेजरची, म्हणजे प्रोमिथियसचे अलर्ट माणसांपर्यंत पोचवणाऱ्या जोडीदाराची. एकसारखे अलर्ट तो एका निरोपात बांधतो. वेगळं सांगितलं नसेल तर पहिला आल्यावर 30 सेकंद थांबून भावंडं येतात का पाहतो, आणि काही न बदलल्यास चार तासांनी पुन्हा आठवण करतो. पण त्याची खरी ताकद आहे एका अलर्टनं दुसऱ्याला दाबण्यात. डेटा सेंटरचा मुख्य स्विच, म्हणजे सर्व्हरना नेटवर्कशी जोडणारं यंत्र, गेला, तर त्यामागचे चाळीस सर्व्हर 'सापडत नाही' म्हणून ओरडणारच. स्विचचा अलर्ट जिवंत असेपर्यंत बाकीच्यांनी गप्प बसावं, असा नियम लिहिता येतो.

इथेच भले भले फसतात. 'दोघांचं डेटा सेंटर एकच असेल तरच' ही अट विसरली, तर मुंबईचा स्विच चेन्नईचे अलर्ट गिळतो. अट लिहूनही फसता येतं: डेटा सेंटरचं नाव सांगणारं लेबल, म्हणजे अलर्टला जोडलेली चिठ्ठी, दोन्ही अलर्टवर नसेलच, तर अलर्टमॅनेजर दोघांना सारखंच समजतो. कोरं बरोबर कोरं. लेबलाच्या नावात एखादं अक्षर चुकलं तरी परिणाम तोच, आणि चूक कुणाला दिसतही नाही, कारण तिचं लक्षण म्हणजे शांतता.

नियोजित दुरुस्तीच्या वेळी अलर्ट हातानं गप्प करता येतात. त्यासाठी संपण्याची वेळ द्यावीच लागते, हे उत्तम. राहिला 'सगळे अलर्ट ईमेलच्या एका फोल्डरात टाका' हा लोकप्रिय उपाय. त्याला चाळणी म्हणू नये, ती अडगळीची खोली आहे.

इतक्या चाळण्या लावल्यावर शंका येतेच: आज रात्री फोन वाजला नाही, तो सगळं ठीक आहे म्हणून, की चाळणीच तुंबली म्हणून? त्यासाठी जाणकार एक अलर्ट असा ठेवतात, ज्याची अट कायम खरीच असते. तो दिवसरात्र उठलेला असतो आणि त्याचे निरोप ठरावीक वेळानं बाहेरच्या, स्वतंत्र यंत्रणेकडे जात राहतात. ते यायचे थांबले, की ती यंत्रणा फोन लावते.