मॉनिटरची डिस्प्ले सेटिंग
लॅपटॉपला किंवा सीपीयूला केबलने जोडलेल्या वेगळ्या मॉनिटरचं रिझोल्यूशन, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंग आणि गामा (मधल्या छटा किती उजळ किंवा गडद दिसतील ते ठरवणारा आकडा) कामाप्रमाणे लावून घेणं. रिझोल्यूशन कॉम्प्युटरमधून लावतात, ब्राइटनेस वगैरे मॉनिटरच्याच बटणांतून, म्हणून लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी केला तरी शेजारचा मॉनिटर सहसा तसाच भगभगीत राहतो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीवाल्यांना रिझोल्यूशनचं महत्त्व जास्त, कारण एकाच बोर्डावर मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. १९२०×१०८० चा पॅनेल १३६६×७६८ वर चालवला की शिरोरेषा नेमक्या पिक्सेलवर बसत नाही, शेजारच्या ओळीत पसरून करडी दिसते, कन्नडमधली ओत्तक्षरं (जोडाक्षरात खाली लिहायची अक्षरं) तर एकमेकांत मिसळतात आणि प्रूफ तपासताना चूक सुटते. अक्षर बारीक वाटलं तर रिझोल्यूशन उतरवू नये, स्केल १२५ टक्के करावा.

मॉनिटरचा गामा सहसा २.२ ठेवतात, तो २.२ च का, यावर मतं वेगळी आहेत. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये व्होल्टेज आणि उजेड यांचं नातं सरळ नव्हतं, घातांक साधारण २.५ च्या आसपास यायचा, आणि गामा म्हणजे त्या ट्यूबचा वारसा असं पुष्कळ जण मानतात. डिजिटल व्हिडिओ आणि रंगाचे तज्ज्ञ चार्ल्स पॉइन्टन यांचं म्हणणं असं की ट्यूबचा हा वक्र डोळ्याच्या उजेड जाणण्याच्या बरोबर उलट पडतो, हा योगायोग, पण फार उपयोगी, कारण मोजक्या बिट्समध्येही गडद छटा सांभाळल्या जातात. एलसीडीत ट्यूब नाही तरी गामा टिकला, त्यामुळे हेच मत जास्त पटतं. १९९० च्या दशकातल्या एसआरजीबीचा (स्क्रीनवरच्या रंगांच्या मानकाचा) वक्रसुद्धा २.२ च्या जवळचाच, मॅकवर मात्र २००९ पर्यंत १.८ होता, तिथली जुनी फाइल विंडोजवर म्हणूनच गडद दिसायची.

एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवत बसू नये, आधी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, बघावी, कॉम्प्युटर १६ ते २३५ पाठवत असतो आणि मॉनिटर ० ते २५५ धरून बसलेला असतो.

कलर टेम्परेचर, म्हणजे पांढरा किती पिवळसर किंवा निळसर दिसतो ते, स्क्रीनसाठी ६५०० केल्विन. छपाईचा नमुना मात्र ५००० केल्विनच्या उजेडात बघायचा असा आयएसओ ३६६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम आहे, साध्या ट्यूबलाइटखाली पत्रिकेचा लाल आणि स्क्रीनवरचा लाल जुळेलच असं नाही.