हेटॉर: दगडी रुळांचा माळ

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूर या उंच माळरानाच्या पूर्व कडेला हेटॉर हा ४५७ मीटर उंचीचा खडकाळ माथा आहे. गाडीतळापासून गवतातनं चढत गेलं की थोड्याच वेळात आपण कातळाशी. इथे येणारे बहुतेक जण अस्पर्श निसर्ग बघायला येतात. माणसाचा हात इतका फिरलेला माळ मात्र विरळाच.

खडक तेवढा निसर्गाचा. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याचे थर पसरून तयार झाला. हा ग्रॅनाइट सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातच सावकाश थंड झाला. म्हणून त्यात फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे, लांबट स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वरची जमीन झिजली, भेगांत पाणी मुरलं, हिमयुगात सैल झालेलं वाहून गेलं आणि टणक तेवढं उभं राहिलं.

माळ ओसाड झाला तो माणसामुळेही. इथे एकेकाळी झाडी होती. कांस्ययुगातल्या शेतकऱ्यांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वी घातलेले दगडी बांध डार्टमूरवर आजही ओळखू येतात. पुढे हवामान गारठलं, वस्ती उठली. मेंढ्या, गुरं आणि तट्टांच्या चराईने झाडी परत वाढू दिली नाही.

खरी गंमत पायथ्याच्या गवतात आहे. इथल्या टेम्पलर या जमीनदार घराण्यातल्या आजोबांनी हिंदुस्थानात पैसा कमावला, मुलाने भांड्यांची माती वाहायला १७९२च्या सुमारास स्टोव्हर कालवा खणला आणि नातू जॉर्जने १८२०मध्ये हेटॉरच्या ग्रॅनाइट खाणीपासून त्या कालव्यापर्यंत ट्राममार्ग टाकला. लोखंड महाग, दगड दाराशी. मग रूळच ग्रॅनाइटचे! लांब चिऱ्यांच्या एका कडेला चाक बसेल अशी खाच, आणि जिथे फाटा फुटतो तिथे सांधाही दगडातच कोरलेला. फाटे धरून सुमारे १६ किलोमीटरचा मार्ग. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्या वजनाने खाली जात, रिकाम्या घोडे वर ओढून आणत. पाथरवटांनी चिरे फोडायला पाडलेल्या भोकांच्या रांगाही टाकून दिलेल्या दगडांच्या कडांवर दिसतात.

१८३१मध्ये खुल्या झालेल्या लंडन ब्रिजला हेटॉरचा दगड लागला. (तो पूल १९६८मध्ये अमेरिकेला विकला गेला, त्याचे दर्शनी चिरे आता ॲरिझोनाच्या वाळवंटात आहेत.) पण जॉर्ज कर्जात बुडाला आणि १८२९मध्ये त्याला मालमत्ता विकावी लागली. शेजारच्या कॉर्नवॉल परगण्याचा ग्रॅनाइट समुद्रकाठचा, थेट जहाजात चढणारा. त्या स्पर्धेत हेटॉर टिकणं कठीणच होतं. १८५८पर्यंत मार्ग बंद पडला.

डार्टमूर १९५१मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, तरी जमीन बरीचशी खाजगी मालकीचीच राहिली. तिथल्या गायरानांवर मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी पायी किंवा घोड्यावरून जाण्याचा हक्क जनतेला १९८५च्या कायद्याने दिला. मग तंबू ठोकून रात्र काढली तर? जानेवारी २०२३मध्ये उच्च न्यायालयाने एका जमीनमालकाच्या बाजूने कौल देत हा हक्क नाकारला. जुलैत अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वादावर पडदा टाकला: पायी किंवा घोड्यावरून ही अट पोहोचण्यापुरती आहे, तिथे पोहोचलेल्याने सतत चालतच राहिलं पाहिजे असं कायदा म्हणत नाही.