'अ मोमेंट टू रिमेंबर' पाहताना रडू का येतं?

सु-जिन नवऱ्याकडे बघून प्रसन्न हसते आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं सांगते. हाक मात्र ती आपल्या जुन्या प्रियकराच्या नावानं मारते. चुल-सू तिची चूक सुधारत नाही, पण आतून पार कोसळतो. २००४ साली आलेल्या या कोरियन चित्रपटात प्रेक्षकांचा बांध फुटतो तो बहुधा इथेच. दिग्दर्शक ली जे-हान, मुख्य भूमिकांत सोन ये-जिन आणि जंग वू-संग. मूळ कथा २००१ च्या एका जपानी दूरचित्रवाणी मालिकेची. पुढे जपानमध्ये या चित्रपटानं सुमारे तीन अब्ज येनची कमाई केली आणि तिथल्या कोरियन चित्रपटांमधला तो विक्रम २०२० मध्ये 'पॅरासाइट' येईपर्यंत टिकला.

कथा दोन ओळींत सांगता येते. श्रीमंत घरातली विसरभोळी मुलगी आणि बांधकामावर काम करणारा, वास्तुविशारद होऊ पाहणारा तरुण लग्न करतात. मग तिला ऐन तारुण्यात अल्झायमर झाल्याचं कळतं. एवढ्या ओळखीच्या साच्यातली गोष्ट इतकी आत शिरते, कारण ती स्मृतीच्या विज्ञानाशी मोठ्या प्रमाणात प्रामाणिक आहे.

चुकीच्या नावाचा प्रसंगच घ्या. स्मृतिनाशात ताज्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त काळ टिकतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओदुल रिबो यांनी १८८१ मध्ये मांडलं. कारण मेंदूच्या रचनेत आहे. नवी आठवण पक्की होण्यासाठी मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. तो कानशिलांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या दोन्ही अर्धांमध्ये असतो. काळ जातो तशी आठवण मेंदूच्या बाह्य पटलात पसरून मुरते आणि हिप्पोकॅम्पसवरचं तिचं अवलंबित्व कमी होतं. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनांच्या गुंत्यांचा पहिला फटका हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागाला बसतो. म्हणून लग्नानंतरचा काळ आधी निसटतो आणि त्याआधीचा माणूस शाबूत राहतो. सु-जिनचं प्रेम आटलेलं नसतं. ते ज्या चेहऱ्याला जोडलेलं आहे त्याचं नाव मागच्या कप्प्यातून आलेलं असतं. हे चुल-सूला कळतं, आपल्यालाही कळतं, फक्त तिला कळत नाही.

अश्रूंचं मूळ या असमान माहितीत आहे. रडण्यावर अनेक वर्षं संशोधन करणारे टिलबर्ग विद्यापीठाचे अ‍ॅड व्हिंगरहूट्स यांच्या मते रडण्याच्या मुळाशी असहायता असते: काहीतरी मोलाचं निसटतंय आणि आपल्या हातात काहीच उरलेलं नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाची स्थिती नेमकी अशीच असते. त्याला सगळं दिसतं, बोट मात्र उचलता येत नाही. इटालियन समीक्षक फ्रांको मोरेत्ती यांनी साहित्याबद्दल म्हटलं होतं की, सत्य कळतं पण फार उशिरा कळतं, तिथे वाचक रडतो. चित्रपटात हा उशीर निव्वळ योगायोगानं आला की कृत्रिम वाटतो. इथे तो रोगाच्या स्वभावातून येतो, म्हणून खरा वाटतो.

पण असहायता परिणामकारक ठरायची तर काय निसटतंय हे आधी प्रेक्षकाच्या मनात रुजावं लागतं. चित्रपटाचा पूर्वार्ध हेच काम करतो. दुकानात विसरलेला कोलाचा कॅन, तो चोरला गेल्याचा गैरसमज, पहिल्या भेटीतला ओशाळेपणा, रस्त्याकडेच्या तंबूतला सोजू या कोरियन दारूचा पेला: दोघांच्या आठवणींच्या प्रती आपल्या डोक्यात तयार होत जातात. उत्तरार्धात तिच्याकडचं मूळ पुसलं जातं तेव्हा साक्षीदार उरतात चुल-सू आणि आपण. पूर्वार्ध गाळून फक्त 'रडवणारे प्रसंग' पाहिले की ते भडक वाटतात, ते यामुळेच. मेलोड्रामाला नावं ठेवणारे बरेचदा अशा तुकड्यांवरूनच मत बनवतात.

मांडणीचा मेंदूवर किती ताबा चालतो, हे मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन यांच्या प्रयोगांत मोजलं गेलं आहे. एकच दृश्य पाहणाऱ्या अनेकांच्या मेंदूंत एकाच क्षणी सारखी हालचाल किती होते, हे त्यांनी स्कॅनरमध्ये तपासलं. हिचकॉकच्या एका दूरचित्रवाणी कथेच्या वेळी बाह्य पटलाचा सुमारे ६५ टक्के भाग प्रेक्षकांमध्ये एकाच लयीत होता. एका बागेत कॅमेरा नुसता ठेवून केलेल्या, संकलन नसलेल्या चित्रणाला हे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी. मोबाइलवर, मध्येमध्ये निरोप वाचत चित्रपट पाहिला तर ही लय तुटते. एका बैठकीत, अंधारात, सलग पाहणं हा या प्रकारात चोखंदळपणा नसून गरज आहे.

आता डोळ्यांचं. अश्रूंचे तीन प्रकार मानतात: डोळा ओला ठेवणारे, कांद्यानं किंवा धुरानं येणारे आणि भावनेचे. एरवी डोळ्याच्या पृष्ठभागावर साधारण ७ मायक्रोलिटर द्रव असतो, तर मिनिटाला १ ते २ मायक्रोलिटर नवा तयार होतो. (ड्रॉपरमधून पडणारा औषधाचा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो.) डोळ्यातला द्रव पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरतो. भावना उचंबळली की चेहऱ्याच्या मज्जातंतूमार्फत भुवईच्या बाहेरच्या टोकाखालच्या अश्रुग्रंथीला आदेश जातो. निचऱ्यापेक्षा आवक वाढली की डोळे भरून येतात, मग गालांवर ओघळ. नाक वाहू लागतं ते निचऱ्याच्या वाटेनं आलेल्या अश्रूंमुळे. त्याच वेळी श्वासासाठी घशातली फट उघडी राहू पाहते आणि गिळताना तिला मिटावं लागतं. या ओढाताणीतून आवंढा दाटतो.

मग माणसं पैसे मोजून हे का पाहतात? युलियान हानिश आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये करुण प्रसंगांच्या चित्रफिती दाखवून हा प्रश्न तपासला. नुसतं दुःख आवडत नाही. दुःखामुळे माणूस हेलावतो आणि ते हेलावणं आवडतं, असं त्यांना आढळलं. रडल्यानं लगेच हलकं वाटतं, ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. २०१५ मध्ये असमीर ग्राचानिन, व्हिंगरहूट्स आणि सहकाऱ्यांनी ६० जणांना करुण चित्रपट दाखवले. रडलेल्यांचं मन चित्रपट संपताच जास्त खिन्न होतं, २० मिनिटांत ते पूर्वपदावर आलं आणि ९० मिनिटांनी चित्रपटाआधीपेक्षाही बरं झालं. न रडलेल्यांच्या मनःस्थितीत असा चढउतार दिसला नाही. तेव्हा ११७ मिनिटांचा हा चित्रपट रात्री उशिरा संपवून लगेच अंथरुणाला पाठ टेकली, तर हाती फक्त खिन्नता येईल. संध्याकाळी पाहा आणि नंतर दीड-दोन तास गप्पांना ठेवा.

वैद्यकीय बाजूनं चित्रपट काही ठिकाणी सैल आहे. ६५ वर्षांआधी सुरू होणारा अल्झायमर खरा आहे. १९०१ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी तपासलेली पहिली रुग्ण आउगुस्टे डेटर ५१ वर्षांचीच होती. पण विशीतला अल्झायमर अत्यंत विरळ, आणि इतक्या लहान वयात तो दिसला की आधी एपीपी, पीएसईएन १ किंवा पीएसईएन २ या जनुकांतल्या दोषाचा विचार होतो. असा दोष आईवडिलांपैकी एकात असला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे घराण्याचा इतिहास हा डॉक्टरांचा पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असायला हवा होता. तरुण माणूस विसरू लागला की आधी नैराश्य, थायरॉइड, बी १२ ची कमतरता, झोप आणि चालू औषधं तपासतात. ही कारणं कितीतरी जास्त आढळतात आणि बरीचशी बरी होतात. सु-जिनच्या विसरभोळेपणात स्वतःला पाहून घाबरलेल्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

एका बाबतीत मात्र हा चित्रपट प्रयोगशाळेच्या पुढे होता. शेवटी चुल-सू त्या दुकानात सगळ्या आप्तांना जमवून पहिली भेट पुन्हा उभी करतो. तिला ते तपशीलवार आठवण्याची अपेक्षा धरणं व्यर्थ आहे. पण त्या भेटीचा आनंद तिच्यापर्यंत पोचू शकतो का? २०१० मध्ये आयोवा विद्यापीठात जस्टिन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या ५ रुग्णांना भावनिक चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण विसरले, तरी भावना टिकून राहिली. २०१४ मध्ये त्याच विद्यापीठात एदमारी गुझमान-वेलेझ आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांवर हाच प्रयोग केला. चित्रफिती आठवत नसतानाही आनंद आणि दुःख ३० मिनिटांपर्यंत रेंगाळले, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख उलट जास्त टिकलं.

घरी असा रुग्ण असलेल्यांसाठी यातून सरळ व्यवहार निघतो. 'आत्ताच तर सांगितलं ना!' असं खेकसलेलं वाक्य रुग्ण विसरतो, त्यातून आलेली उदासी मात्र अर्धा तास त्याच्यासोबत राहू शकते आणि ती कशामुळे आली हे त्याला सांगता येत नाही. कुणाच्या निधनाची बातमी तो पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर दर वेळी ती नव्यानं सांगणं म्हणजे दर वेळी नवा शोक देणं. अशा वेळी त्या व्यक्तीबद्दल बोलतं करावं, जुना फोटो किंवा तिच्या आवडीचं गाणं पुढे करावं. आणि नाव चुकलं, तर चुल-सूसारखं त्या हाकेला ओ द्यावी.